झ्बिग्नेव बोनिएक : पोलंडमधून इटलीत गेलेल्या 'झिबी'बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलंडचा फुटबॉलपटू म्हटलं की आजची पोरं लेवांडोव्स्कीपासून सुरुवात करतात आणि तिथंच थांबतात. गप्पांत बोनिएकचं नाव काढलं की पुढचे प्रश्न ठरलेले. कोण हा? इटलीच्या युव्हेंटस क्लबात तर फ्रान्सचा प्लातिनी होता ना? मग हा काय करायचा? ती उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाला फसवल्यासारखं वाटायला नको. बोनिएक त्याच्या आधीच्या पोलिश खेळाडूंपेक्षा फार वरचढ होता असं मी मानत नाही. त्याला योग्य वयात देशाबाहेर पडता आलं. त्याच्या आधीच्यांना ते जमलं नाही, किंवा जमू दिलं गेलं नाही.

बोनिएक कोण, हे दोन ओळींत सांगाल का?

झ्बिग्नेव बोनिएक, जन्म ३ मार्च १९५६, पोलंडमधलं बिद्गोश्च शहर. आक्रमक मिडफिल्डर, गरज पडेल तिथं स्ट्रायकर. १९७८, १९८२ आणि १९८६ असे तीन विश्वचषक खेळला. पोलंडसाठी ८० सामने, २४ गोल. विद्झेव, युव्हेंटस आणि रोमा हे त्याचे मुख्य क्लब. १९८२ च्या बॅलन डी'ऑरमध्ये, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूच्या पुरस्कारात, इटलीचा पाओलो रोस्सी आणि फ्रान्सचा जिरेस यांच्या मागोमाग तिसरा. २००४ मध्ये पेलेने हयात असलेल्या थोर खेळाडूंची यादी केली, तिच्यात पोलंडचं हे एकच नाव होतं.

त्याच्या खेळाची सुरुवात कुठं झाली?

घरातच. वडील युझेफ बोनिएक खेळाडू होते, पुढं प्रशिक्षक झाले. बिद्गोश्चच्या झाविशा क्लबात झिबी वाढला. १९७५ मध्ये, १९ वर्षांचा असताना, तो वुच शहरातल्या विद्झेव क्लबात गेला. विद्झेव तेव्हा नुकताच पहिल्या श्रेणीत चढला होता. लुदविक सोबोलेव्स्की हे क्लबचे अध्यक्ष. चांगला खेळाडू हेरायचा आणि काहीही करून आपल्याकडे आणायचा, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

पुढच्याच वर्षी, २४ मार्च १९७६ ला, अर्जेंटिनाविरुद्ध तो पोलंडकडून पहिला सामना खेळला.

विद्झेव हा कसला क्लब? नाव कधी ऐकलं नव्हतं.

वुच हे पोलंडचं कापडगिरण्यांचं शहर. विद्झेव हा त्यातला कामगार वस्तीचा भाग आणि क्लबही कामगारांचाच. आपल्याकडच्या वाचकाला चटकन समजायचं तर गिरणगाव डोळ्यांपुढं आणा: भोंगे, पाळ्या, चाळीतून मैदानावर येणारी माणसं. १९८१ च्या उन्हाळ्यात याच शहरात रेशन मिळेना म्हणून बायका पोरांना घेऊन भुकेचे मोर्चे काढत होत्या. विद्झेवने पोलंडची लीग पहिल्यांदा जिंकली तीही १९८१ मध्ये, आणि १९८२ मध्ये लागोपाठ दुसऱ्यांदा.

युरोपात या क्लबने भल्याभल्यांची झोप उडवली. १९७७ च्या युएफा कपात मँचेस्टर सिटीच्या मैदानावर २-२ अशी बरोबरी झाली आणि विद्झेवचे दोन्ही गोल बोनिएकचे होते. परतीचा सामना ०-० सुटला आणि सिटी बाहेर पडली. १९८० मध्ये मँचेस्टर युनायटेडची गत तीच झाली. मँचेस्टरमध्ये १-१, वुचमध्ये ०-०, आणि बरोबरी झाली तर परक्या मैदानावरचा गोल जास्त मोलाचा धरायच्या नियमाने युनायटेड घरी. पुढच्या फेरीत समोर आला युव्हेंटस. वुचमध्ये विद्झेव ३-१, तुरीनमध्ये युव्हेंटस ३-१. पेनल्टीवर विद्झेवने बाजी मारली, तीही इटलीत जाऊन. नंतर इप्सविचने ५-० असं झोडपून त्यांना जमिनीवर आणलं, तो भाग वेगळा.

तुरीनवाल्यांच्या मनात बोनिएकचं नाव पक्कं बसलं ते या सामन्यांपासून.

त्या काळी पोलिश खेळाडूंना परदेशी क्लबकडून खेळता येत नव्हतं का?

येत होतं, पण पाय थकायला लागल्यावर.

पोलंडमध्ये तेव्हा साम्यवादी राजवट होती. कागदोपत्री सगळे खेळाडू हौशी. कुणी खाणीच्या पटावर, कुणी कारखान्याच्या, तर लष्कराच्या लेगिया वॉर्सा क्लबातले थेट वर्दीत. पासपोर्ट सरकारच्या कपाटात. नियम बदलत राहायचे, पण रिवाज असा की तिशीच्या आसपास पोचलेल्या, देशासाठी भरपूर खेळून झालेल्या माणसालाच बक्षीस दिल्यासारखं बाहेर सोडायचं. तो मिळवेल त्यातलं परकीय चलन देशाला मिळावं, हाही हिशेब त्यात असायचाच.

नावं घेऊन बघा. व्वोजिमिएश लुबान्स्की १९७५ मध्ये बेल्जियमच्या लोकेरेनला गेला तो २८ व्या वर्षी, गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीनंतर. १९७४ च्या विश्वचषकात सर्वाधिक ७ गोल करणारा ग्झेगोश लातो त्याच लोकेरेनला गेला १९८० मध्ये, वय ३०. आंजेय शारमाख फ्रान्समध्ये ओसेरला, वय ३०.

सगळ्यात जिवाला लागणारी गोष्ट काझिमिएश देयनाची. १९७२ च्या ऑलिम्पिक सुवर्णपदकाचा आणि १९७४ च्या विश्वचषकातल्या तिसऱ्या क्रमांकाचा तो कर्ता-करविता. माझ्या मते पोलंडने घडवलेला सर्वांत देखणा खेळाडू तोच. मोठमोठे युरोपियन क्लब त्याच्यावर डोळा ठेवून होते, पण तो लेगियाचा, म्हणजे लष्कराचा माणूस. सुटका झाली १९७८ च्या अखेरीस. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता आणि समोर होतं मँचेस्टर सिटी. लीगचे ३८ सामने, १२ गोल, अधूनमधून डोळे दिपवणारा एखादा पास आणि मग अमेरिका. १९८९ मध्ये सॅन डिएगोत मोटार अपघातात गेला, ४१ व्या वर्षी. त्याच्या पंचविशीतला खेळ पोलंडबाहेरच्या लोकांनी पाहिला तो फक्त स्पर्धांपुरता.

मग बोनिएकला २६ व्या वर्षी कसं सोडलं?

एक म्हणजे पैसा. पोलंड परदेशी कर्जात बुडालेला होता आणि युव्हेंटस देऊ करत असलेली रक्कम, साधारण १८ लाख डॉलर, पूर्व युरोपातल्या खेळाडूसाठी तोवर कुणी ऐकली नव्हती.

दुसरं म्हणजे काळ. १३ डिसेंबर १९८१ ला जनरल यारुझेल्स्कींनी लष्करी कायदा लागू केला. सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेचे नेते तुरुंगात, रस्त्यावर रणगाडे, टेलिफोन बंद. अशा वेळी रागावलेल्या आणि लोकप्रिय खेळाडूला जबरदस्तीने धरून ठेवण्यात सरकारचा फायदा तो काय? हा माझा तर्क आहे. डॉलरची गरज मात्र उघड होती.

आणि घेणारा कोण, तेही बघायला हवं. युव्हेंटस म्हणजे आन्येल्ली घराणं, आन्येल्ली घराणं म्हणजे फियाट. फियाटच्या परवान्यावर पोलंडमध्ये १९७० च्या दशकापासून छोटी १२६ मोटार बनत होती, सगळा देश त्या मोटारीत फिरायचा. म्हणजे तुरीन आणि पोलंड यांचा व्यवहार आधीपासूनचा. (आपल्याकडं कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी पद्मिनी टॅक्सी हीही मूळ फियाटच.) त्या ओळखीमुळंच बोनिएकचा सौदा झाला असं म्हणण्याइतका पुरावा नाही, पण दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांची भाषा कळत होती एवढं नक्की.

करार १९८२ च्या विश्वचषकाआधीच झाला होता. स्पेनमधला खेळ बघून युव्हेंटसने त्याला घेतलं ही समजूत बरीच पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे.

विमानतळावरच्या भांडणाचं प्रकरण काय होतं?

ओकेंचे म्हणजे वॉर्साचा विमानतळ. नोव्हेंबर १९८० चा शेवट. राष्ट्रीय संघ इटलीमार्गे माल्टाला निघालेला, विश्वचषकाच्या पात्रता सामन्यासाठी. गोलकीपर युझेफ म्विनार्चिक रात्रभर पिऊन सकाळी उगवला. प्रशिक्षक रिशार्द कुलेशा यांनी त्याला मागं ठेवायचं ठरवलं. बोनिएक आणि संघातले झ्मुदा व तेर्लेत्स्की त्याच्या बाजूनं उभे राहिले. विमानतळावर पत्रकार आणि कॅमेरे हजर होते, तिथं चांगलीच बाचाबाची झाली. म्विनार्चिकला अखेर नेलं, पण संघटनेनं चौघांनाही इटलीतून परत बोलावलं आणि त्यांच्यावर बंदी घातली.

एरवी ही दारूची आणि शिस्तीची गोष्ट. पण काही महिन्यांपूर्वीच ग्दान्स्कच्या गोदीत संप होऊन सॉलिडॅरिटी उभी राहिली होती. वरून आलेला हुकूम कुणी झुगारला की त्याला राजकीय वास यायचाच. कुलेशांनी पद सोडलं आणि आंतोनी पिएखनिचेक आले. बंदीची मुदत पुढं कमी झाली. बोनिएक, झ्मुदा, म्विनार्चिक संघात परतले. तेर्लेत्स्की मात्र पोलंडसाठी पुन्हा कधीच खेळला नाही.

म्विनार्चिकचं पुढं काय झालं, असं बरेच जण विचारतात. तो पोर्तुगालला गेला आणि १९८७ मध्ये पोर्तोकडून युरोपियन कप जिंकला.

१९८२ च्या विश्वचषकात त्यानं असं काय केलं?

सुरुवातीला काहीच नाही. इटलीशी ०-०, कॅमेरूनशी ०-०. पोलंडच्या वर्तमानपत्रांनी सालटी काढली. मग पेरूवर ५-१, त्यात बोनिएकचा एक गोल.

२८ जून १९८२, बार्सिलोनाचं काम्प नोऊ, समोर बेल्जियम. पोलंड ३-० आणि तिन्ही गोल बोनिएकचे. पहिला बॉक्सच्या कडेवरून सणसणीत फटका. दुसरा डोक्यानं, पुढं आलेल्या गोलकीपरच्या वरून अलगद. तिसऱ्यात थंड डोक्यानं गोलकीपरला चकवून चेंडू आत. धावणं, उडी, संयम, या माणसाकडं काय काय आहे ते एकाच सामन्यात कळावं असे ते तीन गोल.

पुढचा सामना ४ जुलैला, सोव्हिएत संघाशी. मायदेशात लष्करी कायदा, त्यामागं मॉस्कोचा हात, आणि स्टँडमध्ये सॉलिडॅरिटीचे भलेमोठे फलक. जगभर दिसणारे ते फलक स्पॅनिश पोलिसांनी उतरवले. पोलंडला पुढं जायला बरोबरी पुरत होती. शेवटी शेवटी पोलंडचा स्मोलारेक वेळ काढायला चेंडू घेऊन कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी जाऊन उभा राहायचा आणि सोव्हिएत बचावपटू त्याच्या पाठीवर चढायचे. ०-०. पोलंड उपांत्य फेरीत.

पण त्याच सामन्यात बोनिएकला पिवळं कार्ड मिळालं. स्पर्धेतलं दुसरं. उपांत्य सामन्याला तो मुकला.

तो असता तर पोलंड इटलीला हरवू शकला असता?

हा प्रश्न पोलंडमध्ये अजून विचारतात. इटलीनं २-० असा सामना जिंकला, दोन्ही गोल पाओलो रोस्सीचे. रोस्सी तेव्हा नुकताच ब्राझीलला तीन गोल ठोकून आला होता, त्याला कुणी आवरलं असतं असं वाटत नाही. पण पोलंडचा हल्ला त्या दिवशी बोथट होता हेही खरं. एक गोल कदाचित झाला असता. विजय झाला असता असं मी म्हणणार नाही.

तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात पोलंडनं फ्रान्सला ३-२ असं हरवलं.

युव्हेंटसमध्ये प्लातिनी असताना बोनिएकचं काम काय होतं?

इटलीनं परदेशी खेळाडूंना दार उघडलं होतं ते १९८० मध्ये, क्लबमागं एक. १९८२ पासून दोन. युव्हेंटसनं दोन्ही जागा एका दमात भरल्या: मिशेल प्लातिनी आणि बोनिएक. आधीचे दोन्ही हंगाम लीग जिंकून देणाऱ्या आयरिश लिअम ब्रेडीला जागा खाली करावी लागली. बाकी संघात झोफ, जेन्तिले, काब्रिनी, शिरेआ, तार्देल्ली, रोस्सी असे नुकतेच विश्वविजेते झालेले इटालियन. प्रशिक्षक जोव्हान्नी त्रापात्तोनी.

वुचमध्ये सगळा खेळ बोनिएकभोवती फिरायचा. इथं चेंडू जायचा प्लातिनीकडं. प्लातिनी मान वर करायचा तेव्हा बोनिएक आधीच पळत सुटलेला असायचा. बचावफळीच्या मागं ४०-५० मीटरचा लांब पास आणि त्यामागं झिबीची धाव, हे युव्हेंटसचं नेहमीचं हत्यार झालं. असं काम स्वीकारायला मोठं मन लागतं असं काही लोक लिहितात. मला ते व्यवहारी शहाणपण वाटतं. प्लातिनीसारखा पास देणारा दुसरा कुणी तेव्हा जगात नव्हता, आणि बोनिएकला हे मैदानावरच्या कुणाहीपेक्षा आधी उमगलं होतं.

पण मग त्याचे गोल इतके कमी का?

सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या पहिल्या श्रेणीच्या लीगमध्ये, युव्हेंटससाठी ८१ सामन्यांत १४ गोल. आजच्या डोळ्यांना किरकोळ वाटतात. तेव्हाची लीग १६ संघांची, ३० सामन्यांची, आणि बचाव असा की १-० म्हणजे मोठा विजय. १९८३ मध्ये प्लातिनी लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला तो १६ गोलांवर! शिवाय बोनिएकच्या धावांमुळं मोकळ्या झालेल्या जागेत रोस्सी आणि प्लातिनी यांनी केलेले गोल कुठल्याच तक्त्यात त्याच्या नावावर दिसत नाहीत.

त्याला 'रात्रीचा राजा' अशा अर्थाचं काहीतरी नाव होतं म्हणतात?

'बेल्लो दी नॉत्ते', रात्री देखणा दिसणारा. हे नाव ठेवलं क्लबचे सर्वेसर्वा जान्नी आन्येल्ली यांनी. लीगचे सामने रविवारी दुपारी, युरोपियन कपाचे बुधवारी रात्री दिव्यांखाली. दुपारी झिबी कधीकधी हरवल्यासारखा वाटायचा, बुधवारी रात्री सुटायचा. नावात कौतुक होतं तसा चिमटाही होता.

चिमटा पूर्ण रास्त नव्हता, असं मला वाटतं. इटालियन लीगमध्ये समोरचा संघ दहा माणसं मागं ठेवायचा, धावायला जागाच नसायची. युरोपात संघ पुढं येऊन खेळायचे, मागं मैदान मोकळं. बोनिएकचा खेळ जागेवर जगणारा होता.

युव्हेंटसकडून त्यानं काय काय जिंकलं?

१९८३ मध्ये इटालियन कप. १९८४ मध्ये लीग आणि त्याच मोसमात कप विनर्स कप: बासेलमध्ये पोर्तोवर २-१, एक गोल विन्योलाचा, विजयी गोल बोनिएकचा. जानेवारी १९८५ मध्ये तुरीनच्या बर्फात युरोपियन सुपर कप: लिव्हरपूलवर २-० आणि दोन्ही गोल त्याचे. आणि त्याच वर्षीचा युरोपियन कप, ज्याबद्दल खाली लिहिलंय.

हुकलेलाही एक आहे. मे १९८३, अथेन्स, युरोपियन कपाची अंतिम लढत. एवढे विश्वविजेते संघात असूनही युव्हेंटस हॅम्बुर्गकडून ०-१ हरला, मागाथच्या एका फटक्यावर.

जुन्या क्लबविरुद्ध तो कधी खेळला का?

अथेन्सच्या आधीच तो योग आला. १९८३ च्या युरोपियन कपाच्या उपांत्य फेरीत युव्हेंटससमोर आला विद्झेव! बोनिएक गेल्यावर हा क्लब विझेल असं सगळ्यांना वाटलं होतं, आणि त्यांनी उपांत्यपूर्व फेरीत लिव्हरपूलला बाहेर काढलं होतं. तुरीनमध्ये युव्हेंटस २-०, वुचमध्ये २-२. विद्झेवचा प्रवास तिथं संपला, पण त्याच्याविना इथवर पोचणं ही त्या क्लबची सगळ्यात मोठी कामगिरी मानावी लागेल.

हेझेलच्या दुर्घटनेत बोनिएकचा संबंध काय?

२९ मे १९८५, ब्रसेल्सचं हेझेल स्टेडियम, युरोपियन कपाची अंतिम लढत, युव्हेंटस विरुद्ध लिव्हरपूल. सामन्याआधी लिव्हरपूलचे काही समर्थक शेजारच्या भागात घुसले, लोक पळाले, जुनी भिंत कोसळली. ३९ माणसं मेली, त्यात बहुतेक इटालियन. तरीही सामना खेळवला गेला. आणखी दंगल उसळू नये म्हणून, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं.

एकमेव गोल पेनल्टीवर झाला. प्लातिनीच्या लांब पासवर बोनिएक सुटला आणि गिलेस्पीनं त्याला पाडलं. पाडलं ते पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर, चित्रफितीत स्पष्ट दिसतं. रेफरीनं पेनल्टी दिली, प्लातिनीनं ती मारली. या कपाचा आनंद मानावा असं तिथं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, ३० मे ला, पोलंडचा अल्बेनियाशी तिराना इथं विश्वचषकाचा पात्रता सामना होता. बोनिएक तिथं पोचला, खेळला, आणि सामन्यातला एकमेव गोल त्याचाच होता. गटात शेवटी पोलंड आणि बेल्जियमचे गुण सारखे झाले, त्यावरून त्या गोलची किंमत कळते. आदल्या रात्री जे पाहिलं त्यानंतर माणूस चेंडूला पाय कसा लावतो, हे मला आजही कळत नाही.

युव्हेंटस सोडून रोमाला का गेला? आणि युव्हेंटसचे चाहते त्याच्यावर चिडून का असतात?

१९८५ ला तो रोमाकडं गेला. प्रशिक्षक होते स्वेन-योरान एरिक्सन, तेव्हा तरुण आणि वेगवान खेळाचे भोक्ते. १९८५-८६ मध्ये रोमानं युव्हेंटसची मोठी आघाडी जवळजवळ भरून काढली. मग एप्रिलमध्ये, आधीच खालच्या श्रेणीत ढकलल्या गेलेल्या लेच्चेकडून घरच्या मैदानावर २-३ अशी हार. विजेतेपद गेलं, आणि गेलं युव्हेंटसकडंच. रोमाकडं आला तो त्या वर्षीचा इटालियन कप. रोमात तो हळूहळू मागं सरकून खेळायला लागला, कधी अगदी बचावफळीच्या मागं लिबेरो म्हणूनही. ७६ लीग सामने, १७ गोल, आणि १९८८ मध्ये निवृत्ती.

रोम त्याचं घर झालं. निवृत्तीनंतर टीव्हीवर बोलताना त्यानं रोमाबद्दलचा ओढा लपवला नाही आणि युव्हेंटसवर टीका करायला कचरला नाही. २०११ मध्ये युव्हेंटसनं नव्या स्टेडियममध्ये जुन्या खेळाडूंच्या नावांचे तारे लावायचं ठरवलं, तेव्हा चाहत्यांनी बोनिएकच्या नावाला विरोध केला. ज्यानं युरोपियन फायनलचा विजयी गोल मारला त्याच्याशी असं वागणं मला कोतेपणाचं वाटतं. पण चाहत्यांचं प्रेम हिशेबाच्या वहीवर चालत नाही, हेही मान्य.

१९८६ चा विश्वचषक?

तो कप्तान होता. मोरोक्कोशी ०-०, पोर्तुगालवर १-०, इंग्लंडकडून ०-३ (लिनेकरची हॅट्ट्रिक), आणि बाद फेरीत ब्राझीलकडून ०-४. त्याचा एकही गोल नाही. आपल्याकडं पुष्कळांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते याच स्पर्धेत, दूरदर्शनवर. म्हणूनच बहुधा तो इथं कुणाच्या फारसा लक्षात राहिला नाही.

प्रशिक्षक म्हणून कसा होता?

साधारण. लेच्चे आणि बारी दोन्ही त्याच्या हाताखाली सेरी आमधून खाली गेले. २००२ मध्ये पोलंडच्या संघाची सूत्रं मिळाली, पाच सामने झाले, त्यात मायदेशी लाटव्हियाकडून ०-१ अशी लाजिरवाणी हार. डिसेंबरमध्ये राजीनामा.

आणि पोलंडच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष म्हणून?

इथं मात्र त्याला जमलं. २०१२ ते २०२१ तो अध्यक्ष होता. त्याच्या आधी त्या खुर्चीवर लातो होता. १९७८ च्या विश्वचषकातला आपला संघसहकारी आदाम नावाव्का याला बोनिएकनं २०१३ मध्ये राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक नेमलं. मोठं परदेशी नाव आणा म्हणून ओरड चालू असताना घेतलेला तो निर्णय होता. २०१६ च्या युरोत पोलंड उपांत्यपूर्व फेरीत पोचला आणि पुढं विजेत्या ठरलेल्या पोर्तुगालकडून पेनल्टीवर हरला. २०१८ चा विश्वचषक मात्र गटातच आटोपला. २०२१ मध्ये बोनिएक युएफा या युरोपियन फुटबॉल संघटनेचा उपाध्यक्ष झाला.

बोनिएक मोठा की लेवांडोव्स्की?

गोल मोजायचे असतील तर प्रश्नच उरत नाही. लुबान्स्कीचा ४८ गोलांचा जुना राष्ट्रीय विक्रम लेवांडोव्स्कीनं २०१७ मध्येच मागं टाकला. २०२०-२१ मध्ये बुंडेसलिगात एका मोसमात ४१ गोल म्हणजे तर कहरच.

पण राष्ट्रीय संघासाठी विश्वचषकात काय केलं, असं विचारलं तर पारडं बोनिएकचं जड. विश्वचषकात ६ गोल आणि तिसरा क्रमांक. लेवांडोव्स्कीला विश्वचषकातला पहिला गोल मिळाला तो २०२२ मध्ये, ३४ व्या वर्षी.

आणखी एक फरक वादात कुणी आणत नाही. लेवांडोव्स्की २१ व्या वर्षी पोझनानहून डॉर्टमुंडला गेला, मग बायर्न, मग बार्सिलोना. ना मंत्रालयाची परवानगी, ना पासपोर्टची वाट. देयनाला तसं २१ व्या वर्षी जाता आलं असतं तर हा प्रश्न दोघांचा राहिला नसता, तिघांचा झाला असता, आणि माझं मत कुणाला पडलं असतं ते वर लिहिलंच आहे.

बोनिएक भारतात कधी खेळला का?

पोलंडचा संघ खेळला. १९८४ चा नेहरू कप कोलकात्यात झाला आणि तो पोलंडनं जिंकला, अंतिम सामन्यात चीनवर १-० मात करून. बोनिएक तेव्हा इटलीत होता, लीगचा हंगाम ऐन भरात. परदेशी क्लबकडून पगार घेणाऱ्या खेळाडूला अशा स्पर्धांसाठी सोडत नसत.

त्याचा खेळ बघायचा तर कोणता सामना आधी बघावा?

बेल्जियमविरुद्धचा १९८२ चा सामना, पूर्ण ९० मिनिटं. नुसते गोल बघितले तर अर्धा बोनिएक निसटतो, कारण चेंडू नसताना तो कुठं पळतोय हेच बघण्यासारखं आहे. मग जानेवारी १९८५ चा सुपर कप: बर्फ, नारिंगी चेंडू, आणि लिव्हरपूलची बचावफळी मागं पळतेय. वेळ असेल तर १९८४ ची बासेलची फायनलही. अथेन्सची १९८३ ची फायनल हॅम्बुर्गचे चाहते असाल तरच बघा.